वासिल पालामारचा बर्फ

वासिल पालामार माणसांशी फारसा बोलत नसे. बोललाच तर ओरडत असे. आमच्या पोलोनका गावातली दोन पिढ्यांची पोरं त्याच्या शिव्या खात हॉकी शिकली. साधे बूट घालून कुणी बर्फावर पाय टाकला, की "तुझ्या बापाचं अंगण आहे का?" हा प्रश्न ठरलेला. बाप शेजारी उभा असला तरी.

आमची रिंक, म्हणजे बर्फावरच्या हॉकीचं मैदान, १९४८ साली गावाने स्वतःच्या हातांनी बांधली. महायुद्ध संपल्यावर विमानतळावरची एक शेड मोडीत निघाली, तिचं लाकूड गाड्यांवर घालून आणलं. मैदानाच्या कडेला काचेच्या जागी कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी, बसायला फळ्या, आणि कपडे बदलायच्या खोलीत एक शेगडी, जिच्यापुढे गुडघे भाजायचे आणि पाठ गारठलेलीच राहायची. बर्फाचं यंत्र नव्हतंच. वासिल आधी जमिनीवर हिम तुडवून बसवायचा, मग कढत पाण्याचं पिंप घसरगाडीवर ठेवून, मागे ओलं फडकं ओढत फेऱ्या मारायचा. एक पातळ थर, तो गोठला की पुढचा. असे साठ थर. अडतीस वर्षं हेच. बायको गेल्यापासून तर तो घरी नुसता झोपायला जाई. रिंकचं कॅन्टीन माझ्याकडे, म्हणून मला ठाऊक.

"जाड थर टाकला की मेलास," तो सगळ्यांना दटावून सांगे. "वरचं गोठतं, खालचं पाणी जिरून जातं. वर बर्फ, खाली पोकळ. आणि दिसतं झकास."

पुढे शेजारच्या हार्वेन गावाला यंत्राचा बर्फ आला आणि आमची पोरं तिकडे जायला लागली. १९८६च्या डिसेंबरात ग्रामसमितीचा ग्लेन कॅन्टीनमध्ये आला.

"आयरीन, वासिलला सांग. जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी हार्वेनशी सामना इथे झाला, तर रिंक चालू ठेवू. नाहीतर कुलूप."

"तूच सांग की."

"नको बाई. या वयात त्याच्या शिव्या झेपत नाहीत मला."

मी सांगितलं. वासिल नुसता "हं" म्हणाला आणि थर्मामीटर बघायला गेला. त्या वर्षी थंडीने दगा दिला. जानेवारी उजाडला तरी पागोळ्या गळत होत्या. खरी थंडी पडली ती सामन्याच्या आठवड्यात, मंगळवारी. हातात चार दिवस, आणि साठ थरांना लागतात दहा.

बुधवारी सकाळी मी पाहिलं, तर पिंप कोपऱ्यात आडवं पडलेलं आणि वासिल नळी धरून सरळ पाणी ओतत होता. मला कळलं. त्याला तर माझ्याआधी कळलेलं होतं. मी काही बोलले नाही, याची मला अजून लाज वाटते.

शनिवारी रिंक भरली. हार्वेनचा एक धिप्पाड गडी पहिल्याच फेरीत घोट्यापर्यंत आत गेला. मग आमचा एक. तिसरा आपटला तेव्हा पंचाने सगळ्यांना बाहेर काढलं.

ग्लेन वासिलजवळ गेला. मला वाटलं, आता जुंपणार. तर तो म्हणाला, "होतं रे असं. हवाच वाईट. आम्ही हार्वेनलाच खेळून घेतो."

वासिलच्या शिव्यांवर वाढलेला एक बाप जाताजाता त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "मनावर नका घेऊ, वासिलकाका." पंधरा मिनिटांत सगळ्या गाड्या निघून गेल्या. सूप अर्धं भांडं उरलं.

वासिल कॅन्टीनमध्ये येऊन बसला.

"मला कुणी काही बोललं नाही, आयरीन."

"बरंच झालं की."

"बासष्ट साली असं केलं असतं, तर माझी गचांडी धरली असती. तुम्ही बायकांनी वर्षभर मला गावात तोंड दाखवू दिलं नसतं."

"माणसं शहाणी झाली."

"शहाणी कसली? त्यांना फरकच पडत नाही." तो माझ्याकडे बघत राहिला. "मी जाड थर टाकले. मी. तू तरी ओरड माझ्यावर."

मला रडू यायला लागलं. ओरडायला राग लागतो, आणि तो माझ्याकडेही उरला नव्हता. मी कोट चढवला आणि म्हटलं, "चल, घरी सोडते तुला."

"तू हो पुढे. मला नळ बंद करायचाय," तो म्हणाला आणि बसूनच राहिला. नळ त्याने सकाळीच बंद केला होता.