पिवळं पाणी

वस्तीवरून निघालो तेव्हा जीपच्या इंजिनचं तापमान दाखवणारा काटा मधोमध होता. पहिला चढ निम्मा झाला आणि तो तांबड्या रेघेकडे सरकू लागला. ड्रायव्हरमामांनी काचेवर बोटाने टकटक केलं.

"काय झालं मामा?"

"कुठं काय. जुना काटा हाय, चढाला हालतो."

पण त्यांनी गिअर बदलला, चारी चाकांचा दांडा पुन्हा एकदा दाबून पाहिला आणि पुढचं वळण येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. मामा बोलायचे थांबले की मला धास्ती वाटायची. एरवी ते झोपेतही बोलत असतील असा माणूस.

मागे आक्का बसल्या होत्या आणि ओल्या पोत्यांत गुंडाळलेले दुधाचे कॅन होते. पाटोद्याच्या वरच्या अंगाला डोंगरात ज्या वस्त्या आहेत, त्यांचं सकाळचं दूध. आमची बायांची दूध सोसायटी होती. आक्का अध्यक्ष आणि मी सचिव, कारण लिहायला-भांडायला मीच पुढे असायचे. दगडगोट्यांच्या त्या वाटेवर दुसरं वाहन चढत नसे, म्हणून सगळ्यांनी मिळून ही जुनी जीप घेतली होती. पाऊस सलग दोन वर्षं दगा देऊन गेला होता. निम्म्या म्हशी चारा-छावणीत होत्या. राहिलेल्या म्हशींचं दूध उन्हाच्या आत तालुक्याच्या शीतकरण केंद्रात पोचवायचं, एवढंच आमचं काम. पण त्या उन्हाळ्यात दोनदा दूध वाटेतच नासलं होतं. केंद्राच्या साहेबांनी आवाज न चढवता सांगितलं होतं की तिसऱ्यांदा नासलं तर तुमचं संकलन बंद. बंद झालं असतं तर वरच्या बायांना दूध घालायला जागाच उरणार नव्हती.

चढाच्या माथ्यावर बॉनेटच्या फटीतून वाफ आली. मामांनी जीप बाजूला घेऊन इंजिन बंद केलं. उतरून त्यांनी पहिल्यांदा काय पाहिलं तर मी लावलेला फलक. पुढच्या जाळीवर, सोसायटीच्या नावाचा, तांबड्या रंगात रंगवलेला कापडी फलक.

"ताई, ह्ये सोडा आधी. वारं जात न्हाई आत."

"वरून जातंय की वारं."

"कुटून वरून? नाकाला फडकं बांधून पळा बरं जरा."

मी गाठी सोडू लागले. मी अक्षरं शिकले ती वडिलांच्या पत्रकांवर. पातळ गुलाबी कागद, बोटांना लागणारी शाई आणि दर दोन ओळींनंतर उद्गारचिन्ह. इतर मुली बडबडगीतं म्हणायच्या तेव्हा मी 'सामुदायिक मालकी' हा शब्द न अडखळता म्हणायचे. तो शब्द मला चारचौघांत दिसावासा वाटे, म्हणून तो फलक होता. तरी सोडला. घडी घालून सीटखाली ठेवला.

मामांनी पंख्याचा पट्टा दाबून पाहिला. ताठ होता. जाळीत चाऱ्याची कुट्टी अडकली होती, ती काडीने काढली. मग ऑईल मोजायची पट्टी ओढून काढताना मात्र त्यांचा हात थांबला.

"ह्येच्यात पानी मिसळलं आसंल तर संपलं," ते म्हणाले. "ऑईल चहावानी दिसतंय मग. गॅसकेट गेलेलं आसतंय. मग गाडी बैलानं न्यावी लागती."

पट्टी बाहेर आली. ऑईल काळंभोर होतं. आक्कांनी मागे जाऊन एका कॅनचं झाकण उघडून वास घेतला.

"आजून ठीक हाय," त्या म्हणाल्या. 'आजून' या शब्दावर त्यांनी जोर दिला तो मला आवडला नाही.

आता रेडिएटरचं झाकण उघडायचं तर इंजिन निवायला हवं. गरम असताना उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं, आणि तापल्या लोखंडावर थंड पाणी ओतलं तर ब्लॉकला तडा जातो. म्हणजे थांबायचं. पण थांबलं की मागे दूध तापत होतं. एक निवायची वाट पाहायची तर दुसरं गरम होत होतं. मी पोती ओली करायला पाण्याच्या एकुलत्या कॅनमधलं पाणी घेतलं तर मामा ओरडले, "त्ये ठेवा! तेवढंच पानी हाय आपल्याकडं!"

"मग दुधाला काय करू?"

"सावली करा. फलक हाय न्हवं?"

तर माझा फलक दुधावर पांघरला गेला. मी त्याचं एक टोक हातात धरून उभी राहिले आणि छावण्यांच्या कारभाराबद्दल, टँकरच्या खेपांबद्दल, ज्यांच्या उसाला पाटाचं पाणी मिळतं त्यांच्याबद्दल बोलू लागले. तेव्हा बोलल्याशिवाय मला भीती सोसवत नसे.

"ताई," मामा म्हणाले, "भाषनानं इंजिन निवत आसतं तर मी रोज तुमच्या सभेला आलो आसतो."

बऱ्याच वेळाने त्यांनी झाकणावर पोतं टाकून ते अंगापासून लांब धरून फिरवलं. फस्स झालं. पोत्यावर पाणी उडालं. पोतं पिवळं झालं.

मामांनी वरचा पाइप चाचपला, चटका बसला. खालचा चाचपला, तो गार होता. "वरचं पानी खाली उतरतच न्हाई," ते म्हणाले. रेडिएटरची खालची चावी उघडली तर थेंब नाही. तार घालून खुपसलं तेव्हा घट्ट वरणासारखा पिवळा गाळ लोंबत बाहेर आला.

वास ओळखीचा होता. हळद.

आमच्याकडे रेडिएटर गळायला लागला की त्यात हळद टाकतात. हळद फुगते, बारीक भोक बुजतं, गाडी चालू राहते. चिमूटभर टाकायची असते.

"मी टाकलीय," मामा म्हणाले. "थेंब थेंब गळत हुतं. पन चिमूटच."

आक्का इतका वेळ डोंगराकडे बघत होत्या. "मी बी टाकली हुती," त्या म्हणाल्या.

"कवा?"

"तुमी लगनाला गेलता तवा. बदली ड्रायव्हर म्हनला गळतंय."

"किती?"

"मूठभर. घरची हाय, कांडलेली. चांगली हाय हळद."

"कांडलेली!" मामांनी डोक्याला हात लावला. "भाजीला घातली का काय आक्का!"

आता आत भरपूर पाणी सोडून सगळं धुऊन काढल्याशिवाय इंजिन चालू करण्यात अर्थ नव्हता. आमच्याकडे एक कॅन पाणी. पलीकडच्या उताराखाली एक वस्ती होती आणि तिथे विहीर होती. इंजिन बंद ठेवून, नुसत्या उतारावर जीप सोडायची असं ठरलं. इंजिन बंद असलं की ब्रेक जड लागतात, हे मामांनी निम्म्या उतारावर सांगितलं. आक्का देवाचं नाव घेत होत्या. मी देव मानत नाही, पण दांडी दोन्ही हातांनी धरली होती.

टँकर नुकताच विहिरीत पाणी सोडून गेला होता. बाया भराभर शेंदत होत्या. थोडा वेळ गेला की ते गढूळ होतं, मग मुरतं, म्हणून प्रत्येकीची घाई. त्यांच्यापुढे जाऊन गाडीसाठी पाणी मागायचं होतं. माणसांना पाणी नसताना यंत्राला पाणी मागणाऱ्यांविरुद्ध मी स्वतः लिहिलं होतं. शेवटी आक्काच बोलल्या.

बाया थांबल्या. एक म्हणाली, "गाडी इथं थांबायची तवा गळायची. आमी बी टाकली हुती हळद."

मामा चाकाला टेकून खालीच बसले.

डोक्यावरून पदर घेतलेली एक म्हातारी पुढे आली. तिने हंडा कमरेवरून उतरवला नाही. "माजी म्हस छावनीला हाय. तुमच्या डब्यात माजा थेंब न्हाई. मी कावून देऊ पानी?"

"मावशी," मी सुरू केलं, "हा प्रश्न एकटीचा नाही. आज आपण सगळ्या जर—"

"भाषान नगं बाई. पान्याचं बोल."

तिचं खरं होतं. मागे कॅनवर माश्या घोंगावत होत्या.

म्हातारी जीपभोवती फिरली. वाकून खाली पाहिलं. मामांना विचारलं, "वरून वतलेलं पानी खालनं भाईर येतंय न्हवं?"

"येतंय. पन घान, पिवळं."

"मंग मातीत सोडता का त्ये?"

"मग काय करायचं त्येचं?"

"घमेलं लाव. होळीपसनं घर सारवलं न्हाई मी. चांगलं पानी देते, घान परत घेते."

एवढं बोलून तिने हंडा बॉनेटवर ठेवला. बायांत एकदम गलका झाला. मला बी पायजे, माझा बी ओटा उकललाय, आधी माझं घमेलं. मामा ओरडत होते, "प्यायला न्हाई हां! जनावराला बी न्हाई!" खालचा पाइप सोडला. वरून तांब्यातांब्याने पाणी जाई, खालून हळदीचा चोथा येई, आणि म्हातारी घमेली सरकवत बसली होती. एक थेंब जमिनीवर पडू दिला नाही तिने. पाणी पिवळं होतं ते पिवळसर झालं, मग गढूळ आणि शेवटी जवळजवळ साधं. शेवटचं भरलेलं पाणी मात्र आत राहणार होतं. ते आमच्या कॅनमधलं घातलं.

पुढचा सगळा रस्ता मी काट्याकडे बघत होते. तो मध्यावर आला, थोडा वर गेला, थरथरला, थांबला. भोक मोकळं झालं होतं, त्यामुळे पुन्हा गळत असणार हे तिघांनाही माहीत होतं. तापलेली खडी टायरखाली चटचटत होती.

केंद्रात पोचलो तेव्हा तिथल्या टाक्यांची झाकणं लावायची वेळ झाली होती. तपासणाऱ्या माणसाने एकेका कॅनमधलं थोडं दूध काचेच्या नळीत घेऊन ज्योतीवर धरलं. फाटलं तर संपलं. पहिलं टिकलं. दुसरं टिकलं. मी माझ्याच ओढणीचं टोक पिळत होते. शेवटच्या कॅनचं दूध नळीत दाण्यादाण्याचं झालं. फलकाची सावली पुरली नव्हती तो कॅन.

साहेबांनी नळी उजेडात धरली. "हा परत न्या. बाकीचं ओता."

"पण साहेब," मला राहवेना, "हे तिसऱ्यांदा धरायचं की—"

आक्कांनी माझ्या पायावर पाय दिला. चांगला जोरात.

"उद्या लवकर या," साहेब म्हणाले आणि आत गेले.

परतताना फाटलेला कॅन त्या विहिरीवर उतरवला. गूळ घालून आटवलं तर पोरांना चालतं. म्हातारीचं घर रस्त्यावरून दिसत होतं. भिंतीचा खालचा पट्टा ओला होता आणि किंचित पिवळा.

मी घरी येऊन बॉनेटच्या आत चिकटवायला एक कागद लिहिला. सामुदायिक मालकी, सामुदायिक जबाबदारी, प्रत्येक सभासदाचं कर्तव्य. पान भरलं. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हळद टाकू नये. येवढंच लिही."

तेवढंच लिहिलं. मोठ्या अक्षरात, उद्गारचिन्हाशिवाय.

पुढच्या आठवड्यात मामांनी रेडिएटरचं झाकण उघडलं आणि मला हाक मारली. पाणी पुन्हा पिवळसर होतं, वास ताज्या हळदीचा. आम्ही दोघांनी आक्कांकडे पाहिलं. आक्का मागे कॅनवर पोती टाकत होत्या आणि म्हणत होत्या, चला, उशीर होतोय.