पिवळी झाकणं

कुठल्याही इमारतीत शिरले की मी आधी छताकडं बघते. लोकांना वाटतं, बाई देवभोळी आहे, वर बघून हात जोडायच्या बेतात आहे. तसं काही नाही. मी धुराचा डिटेक्टर शोधत असते. हे वेड मूळचं माझं नव्हे, आमच्या ह्यांचं. एका घरात राहून एकाचा खोकला दुसऱ्याला लागतो, तसं ते मला लागलं.

हे मेहकरकडच्या एका कॉलेजात लिपिक होते. एकदा ऑफिसातून कुणाला तरी बुलढाण्याला आगीच्या प्रशिक्षणाला पाठवायचं होतं. कुणी तयार होईना, म्हणून यांना पाठवलं. एका दिवसाचं प्रशिक्षण, दुपारी जेवण, संध्याकाळी प्रमाणपत्र. माणसं अशा ठिकाणाहून जेवून येतात आणि बाकीचं विसरतात. आमचे हे जेवायला काय होतं ते विसरले आणि बाकी सगळं डोक्यात घेऊन आले.

तेव्हापासून माझ्या मागं साडेसाती. बँकेत पैसे भरायला गेलो तरी हे पाठीला पाठ लावून उभे, मान वर. "ते पाह्य, पालथ्या वाटीसारखं पांढरं. तो डिटेक्टर होय. त्यात बारीक लाल दिवा लुकलुकते. लुकलुकला म्हणजे जित्ता हाये." मी एकदा मोठ्या हौशीनं असंच एक पांढरं गोल दाखवलं, तर तो कॅमेरा निघाला. हे इतके हसले की बँकेतल्या शिपायानं आमच्याकडं वळून बघितलं.

मग मलाही ओळखता यायला लागलं. भिंतीवर माणसाच्या छातीच्या उंचीला काच लावलेला लाल चौकोनी डबा असतो, तो फोडायचा आणि दाबायचा. त्याच्या वर भोंगा. छतातून पितळी फुलासारखं खाली डोकावतं ते वेगळं, ते पाणी मारतं, ते ओरडत नाही. खाली दरवाजाजवळ या सगळ्यांचं एक कपाट असतं, त्याला पॅनल म्हणायचं, त्यावर हिरवा दिवा असला म्हणजे घरधनी जागा आहे. आम्ही लग्नाला गेलो की नवरानवरी बघायच्या आधी मंगल कार्यालयाचं छत बघायचो. बहुतेक ठिकाणी बघायला काही नसायचंच. एका कचेरीत लाल डब्याच्या खिळ्याला कुणी जेवणाच्या डब्याची पिशवी अडकवलेली. एका ठिकाणी वाळूच्या लाल बादल्या ओळीनं टांगलेल्या आणि त्यात वाळूपेक्षा पानाच्या पिचकाऱ्या जास्त. एका इमारतीत तर सगळे भोंगे स्वागतकक्षात आणि सगळी माणसं मागच्या बाजूला. हे म्हणाले, "आग रामेश्वरी न बंब सोमेश्वरी." ते दिवस हसायचे होते. आता तेच सगळं बघून मला हसू येत नाही.

यांच्या किडन्या गेल्या. साखर होतीच, पथ्य म्हणजे बायकोची कटकट असा समज होता, दुसरं काय व्हायचं. डॉक्टरांनी डायलिसिस सांगितलं. जवळपास जागा मिळाली नाही, म्हणून संक्रांतीनंतर आमच्या बुलढाण्याच्या वाऱ्या सुरू झाल्या. दवाखान्याचं नाव मी घेत नाही, घेऊन काही उपयोगही नाही. सकाळची एसटी, चिखलीला चहा, मग दुसरा मजला. डाव्या हातात दोन जाड सुया, एकीतून रक्त बाहेर, दुसरीतून आत. मध्ये ते मशीन, कपाटाएवढं, घुंऽऽ करत राहणारं. चार तास माणूस त्याला बांधलेला. उठायचं म्हटलं तर कुणीतरी आधी नळ्या बंद करायच्या, रक्त परत आत सोडायचं, सुया काढायच्या, दाबून धरायचं. मनात आलं आणि पळाला, असं तिथं होत नाही.

पहिल्याच दिवशी सुया लागल्यावर यांनी सवयीनं वर बघितलं. मीही बघितलं. पांढरी वाटी होती, पण तिच्यावर पिवळं प्लास्टिकचं झाकण. ह्या पलंगावर, त्या पलंगावर, अख्ख्या वॉर्डात, जिथं तिथं पिवळी झाकणं.

"अवं, हे झाकणं रंगकामाच्या वक्ती लावतेत," हे म्हणाले. "धूळ जाऊ नये म्हणून. मंग काढून टाकाव लागते. झाकण लावलेला डिटेक्टर म्हणजे नाकात बोळे घातलेला माणूस. धूर त्याले समजन कसा?"

मी सिस्टरला विचारलं. ती चांगली पोरगी, मोताळ्याकडची. तिनं हसत हसत सांगितलं तेव्हा मला समजेना की हसावं का रडावं. मागच्या खंडेनवमीला सगळ्या मशीनची पूजा केली. आपल्याकडं करतातच, शेतातलं औत असो, ऑफिसातला कॉम्प्युटर असो, त्या दिवशी त्याला हळदकुंकू आणि झेंडूचा हार. तर वॉर्डात उद, धूप, उदबत्त्या, सगळं एकदम पेटवलं, आणि डिटेक्टरनं आपलं काम केलं. तो ओरडला. पेशंट घाबरले, एका आजीबाईचा बीपी वर गेला, नातेवाइकांनी धावाधाव केली. मग कुणीतरी स्टोअरमधून ही झाकणं शोधून आणली आणि पूजेपुरती बसवली.

"पूजेपुरती?" मी म्हटलं. "आता संक्रांत झाली, बाई."

"काढाचीच व्हती काकू. पण मंग दिवाळीले लक्ष्मीपूजन आलं. मंग साहेबांनी सत्यनारायण घातला. आता गणपतीबी येतीन. घडीघडी कोन शिडी आनते?"

आपल्याकडं दोन सणांच्या मध्ये तिसरा सण असतोच, त्यामुळं ती झाकणं निघायला मुहूर्त मिळणार नव्हता. जो ओरडला, बरोबर ओरडला, त्याचंच नाक दाबलं. हे असं आपणच करू जाणे. दुसऱ्या मुलुखात यंत्राची पूजा करत नसतील, आणि करत असतील तर पूजेसाठी यंत्र बंद पाडत नसतील.

मी देखभालवाल्या साहेबांकडं गेले. त्यांना दर खेपेला भेटले. त्यांचं उत्तर दर खेपेला गोड. "करून टाकू ना ताई. माणूस बोलावलाय." कधी माणूस होता तर शिडी नव्हती, कधी शिडी होती तर माणूस शेगावला गेलेला. एकदा मी म्हटलं, मला शिडी द्या, मी चढते. साहेब दचकले. लुगड्यातली बाई शिडीवर चढलेली कुणी बघितली तर दवाखान्याची काय शोभा राहील, असं काहीसं त्यांच्या तोंडावर दिसलं. बोलले मात्र, "तुम्ही पडल्या बिडल्या तर जबाबदारी कोनाची?" जबाबदारीची त्यांना फारच काळजी. पालथ्या घड्यावर पाणी. मी बोलत राहायची आणि घरी येताना एसटीत तोंड बांधून बसायची, कारण यांना थकवा असायचा आणि माझा राग ऐकायला दुसरं कुणी नव्हतं.

खरं सांगायचं तर मला आगीचं भय नव्हतंच तितकं. मला भय होतं ते त्या चार तासांचं. बाकी वेळ हे माझे होते. अंथरुणावरून उठवता येत होते, ओढता येत होते, कुठंही नेता येत होते. ते चार तास त्यांना हलवायचा अधिकार माझ्याकडं नव्हता. निदान वरच्या त्या वाटीनं तरी डोळा ठेवावा, एवढंच माझं मागणं होतं.

आणि मग पावसाळ्यात ते झालं. दुपार होती. वॉर्डाच्या मागच्या खोलीत एसीच्या बोर्डात काहीतरी जळालं. आधी वास आला, जळक्या रबराचा. मग त्या खोलीच्या दाराच्या वरच्या फटीतून करडा धूर आत यायला लागला आणि छताला धरून पसरत आला, अगदी पिवळ्या झाकणांच्या खालून. मी वॉर्डाच्या दाराबाहेरच्या बाकावर होते. भोंगा वाजला नाही. वाजला ओरडा, माणसांचा. बाकावरची सगळी माणसं जिन्याकडं पळाली, एकजण चप्पल टाकून पळाला. शेजारच्या भिंतीवरचा लाल डबा फोडायचं मलाही सुचलं नाही, मी आत गेले.

आत पळणारं कुणी नव्हतंच. सगळे बांधलेले. पलंगापलंगावर माना उचललेल्या आणि डोळे दाराकडं. टेक्निशियन एकटा, कुणाला आधी सोडवायचं ते त्याला कळेना. तेवढ्यात कुणीतरी मेन बंद केलं, अंधारलं, मशीनं पिंपिं करायला लागली.

हे मला म्हणाले, "तू जाय खाली."

"तुम्ही?"

"मी येतोच ना मांगून." आणि हसले. दोन सुया हातात, आणि मांगून येतो म्हणतात. मी पलंगाची लोखंडी दांडी धरली आणि उभी राहिले.

बोर्डातलंच जळालं होतं, मेन बंद केल्यावर विझलं. खिडक्या उघडल्या, धूर गेला. नातेवाईक वर आले, लाजत लाजत. साहेबही आले. म्हणाले, "देवाची कृपा, काही झालं नाही." दर माणूस तेच म्हणत होता, काही झालं नाही. मला वाटलं आता तरी साहेबांचे डोळे उघडतील. उलटच झालं. काही झालं नाही, हीच आता त्यांची ढाल झाली. झाकणं असूनही काही झालं नाही, मग झाकणांनी बिघडतंय काय?

त्या दिवशी मी साहेबांच्या टेबलावर हात आपटला. आवाज चढवला, रडलेसुद्धा. ते रडण्याला घाबरले असावेत, कारण पुढच्या खेपेला आम्ही गेलो तेव्हा शिडी वॉर्डात उभी होती. एक माणूस चढला आणि यांच्या पलंगावरचं झाकण त्यानं काढलं. सुया लागलेल्या, तरी यांचा चेहरा सणासारखा झाला. आम्ही दोघं वर बघत राहिलो, दिवा लुकलुकायची वाट बघत.

लुकलुकला नाही.

दुसरं काढलं, तिसरं काढलं. एकही दिवा नाही. मी खाली पॅनलपाशी गेले. त्याच्यासमोर पाण्याचे जार रचलेले. ते सरकवले तर आत सगळा अंधार. रखवालदार म्हणाला, "ते बंद हाये कवाचं. बिघाड दाखवाले लागलं न रातदिवस टूंटूं करे. डोकं उठे. मंग बंदच करून टाकलं." बसवणारी मंडळी कुठली होती ते कुणाला आठवत नव्हतं. दुरुस्त करू म्हणाले. करून टाकू ना ताई.

म्हणजे इतके महिने मी ज्यासाठी भांडले, ती नुसती झाकणं होती. आत कुणी नव्हतंच.

वर आले आणि यांना सांगितलं. त्यांनी एकदा वर बघितलं. मग म्हणाले, "झाकण व्हतं तवाच बरं व्हतं वं. काढलं का चालू होईन, असं तरी वाटे." त्यानंतर मी त्यांना वर बघताना पाहिलं नाही. सुया लागल्या की तोंड भिंतीकडं करायचे. कुठल्या इमारतीत शिरताना मीच एकटी बघायची, आणि काही दिसलं तरी सांगायची नाही. शिडी घेऊन आला होता त्या माणसानं जाताना झाकणं परत लावली होती. उघडं राहिलं तर धूळ बसते, म्हणाला.

मग नवरात्र आलं. खंडेनवमीच्या दिवशी आमची पाळी होती. डायलिसिसला सण कळत नाही. सिस्टर नवी साडी नेसून, हातात तबक घेऊन मशीनमशीनला हळदकुंकू लावत येत होती. प्रत्येक मशीनवर झेंडूचा हार, पायथ्याशी उदबत्ती. यांच्या मशीनलाही लावलं. मग माझ्या बाकाशेजारच्या भिंतीवरच्या त्या लाल डब्यापाशी ती थांबली.

"काकू, तुमच्या हातापाशी हाये. तुमी लावा ना."

वर्षभर मी याच पूजेला शिव्या दिल्या होत्या. मनात आणलं असतं, तर तबक तिथंच ठेवायला लावून तिला चार शब्द सुनावले असते. पण माझ्यात तेवढाही राग उरला नव्हता. साहेब झाले, शिडी झाली, पॅनल झालं. मागायला आता दुसरं दार कुठलं होतं? मी बोट बुडवलं, काचेवर हळद लावली, कुंकू लावलं. आणि माझे हात आपोआप जोडले गेले. चार तास सांभाळ बाबा, म्हटलं. मेलेल्या डब्याला म्हटलं, आणि मनापासून म्हटलं.

वळून बघते तर उघड्या दारातून हे माझ्याकडं बघत होते. मला वाटलं आता चेष्टा करतील. केली असती तर बरं झालं असतं.

"माह्याकूनबी जोड," ते म्हणाले. "माहा एक हात अडकेल हाये."

मी परत वळले आणि पुन्हा हात जोडले. उदबत्त्यांचा धूर वर चढत होता, सरळ यांच्या पलंगावरच्या पिवळ्या झाकणाखाली जाऊन गोळा होत होता. कित्येक महिन्यांनी यांनी मान वर केली. आम्ही दोघं श्वास धरून त्याच्याकडं बघत राहिलो. ओरड, मी मनात म्हणत होते, एकदा तरी ओरड.

मग यांना खोकला लागला. धूर डोळ्यात जात होता आणि त्यांना हलता येत नव्हतं. पूजेची उदबत्ती विझवू नये म्हणतात. मी पलंगाजवळ गेले आणि ती जळून संपेपर्यंत पदरानं त्यांच्या तोंडावरचा धूर हाकलत बसले.