पडद्यावरची सफरचंदं

अर्धांगवायूच्या झटक्यात माझा उजवा हात गेला. गेला म्हणजे जागेवरच होता, फक्त त्याने माझं ऐकणं सोडलं. त्याच्याकडून माझी अपेक्षा फार नव्हती. ताटातली भाकरी आपली आपल्याला मोडता यावी, एवढीच. बायको ती कुस्करून द्यायची आणि मी चमच्याने खायचो. सोलापुरात राहून चमच्याने भाकरी खाणं मला आजारापेक्षा जड गेलं.

फिजिओथेरपी केंद्रात नवं यंत्र होतं. समोर पडदा, त्यावर कॅमेरा. आपण हात उचलला की पडद्यावरचा हात सफरचंद तोडून टोपलीत टाकतो. माझी सफरचंदं बरेच दिवस झाडावरच होती. मग यंत्राचं उद्घाटन झालं. ते आधी व्हायला हवं होतं, पण पाहुण्यांना वेळ नव्हता.

प्रात्यक्षिकासाठी मला बसवलं. आमच्याकडे कॅमेरा दिसला की मागे कुणी राहत नाही. पाहुणे माझ्या खुर्चीला खेटले, कार्यकर्ते पाहुण्यांना.

"काका, जरा मान खाली घ्या की, सायेब झाकायलेत," म्हणत एकाने माझ्या खांद्यावरून हात पुढे काढला आणि पाहुण्यांना पडदा दाखवू लागला. यंत्राने तोच हात माझा समजला. सफरचंदं भराभर टोपलीत पडली, पडद्यावर 'एक्सलंट' उमटलं. पाहुणे विज्ञानाच्या चमत्कारावर बोलले. माझा हात मांडीवर पडून ऐकत होता. थेरपिस्ट बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. खरं बोलण्याचा तो कार्यक्रम नव्हता.

संध्याकाळी ताटात अख्खी भाकरी आली.

"तो हात माझा नव्हता," मी म्हणालो.

"मग कुणाचा?"

"कार्यकर्त्याचा."

"मग त्यालाच बोलवा की जेवायला." बायको समोर बसली. "सगळ्या गल्लीनं मोबाइलवर बघितलंय, अहो. आता मी कुस्करत न्हाय."

भाकरी कडक होती, पापडासारखी वाळवलेली. तिने ती मुद्दाम निवडली होती, हे मला उशिरा कळलं. मी खांद्यातून जोर लावला. हात ताटाच्या काठाइतका वर आला, थरथरला आणि थेट भाकरीवर पडला. भाकरीचे तुकडे झाले.

डाव्या हाताने मी एक उचलून आमटीत बुडवला. उजवा ताटातच राहिला. पुन्हा उचलायला दम नव्हता.

"असू द्या तितंच," बायको म्हणाली. "दुसरी वाढते."