दात्याचे वजन

सोमवार, ३ जून २०२४, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. कामशेतजवळच्या आमच्या घराच्या पडवीत, त्यातल्या त्यात सपाट फरशी शोधून ठेवलेल्या वजनकाट्यावर आई उभी राहिली आणि मी आकडा टिपून घेतला: ७९.८ किलो. वडिलांना तिची किडनी द्यायची असेल, तर पावसाळा संपेपर्यंत तो बहात्तरवर यायला हवा होता. माझा रक्तगट वडिलांशी जुळत नव्हता, आईचा जुळत होता. "आधी वजन उतरवा, मग शस्त्रक्रियेचे बोलू," असे डॉक्टरांनी सांगितले होते. वडील डायलिसिससाठी तळेगावला जात आणि परतताना एसटीची पायरी चढण्यासाठी त्यांना माझा खांदा लागे.

मी रसायनशास्त्र शिकलेली. लोणावळ्यातल्या एका चिक्कीच्या कारखान्यात पाकाचे तापमान आणि तयार वड्यांमधला ओलावा तपासणे हे माझे काम. बंगळुरूला संशोधनासाठी मिळालेली जागा मी एक वर्ष पुढे ढकलून घेतली होती. एवढ्या अवधीत शस्त्रक्रिया होऊन वडील हिंडूफिरू लागतील, असे मी गृहीत धरले होते.

आईने व्यायाम करून पाहिला, पण आठवडाभरच. "हातपाय झाडत उभं ऱ्हायचं आन् काम काय उरकायचं न्हाई, हे मला जमायचं न्हाई," ती म्हणाली. नुसते चालायला बाहेर पडली, तर जो तो विचारी, "कुटं निघालात मावशी?" आणि या प्रश्नाला 'कुठेच नाही' असे उत्तर आमच्या गावात कुणी देत नाही.

म्हणून मी प्रत्येक चालण्याला एक काम जोडले. दळण शेजारच्या गिरणीऐवजी ओढ्यापलीकडच्या गिरणीत न्यायचे. दूध डेअरीवर शेजाऱ्यांच्या हाती न पाठवता स्वतः घालायचे. कढीपत्ता वरच्या आळीतून आणायचा. आईला हे पटले. कामासाठी चालण्यात तिला कसलाच संकोच नव्हता. पहिल्या पंधरवड्यात काटा थोडा उतरला. नंतर तो तिथेच थांबला आणि जुलै लागता लागता वर सरकू लागला.

कारण शोधायला मी एका रविवारी तिच्यासोबत गेले. गिरणीवालीने दळण बाजूला ठेवले आणि वडिलांची चौकशी करत चहा टाकला. डेअरीजवळच्या घरात चहा झाला, सोबत खारी आली. वरच्या आळीत कढीपत्त्याच्या आधी शिरा पुढे आला. मी एवढ्या काळजीने आखलेल्या प्रत्येक वाटेच्या टोकाला एक घर होते आणि आजारी माणसाच्या बायकोला कोरड्या तोंडाने परत पाठवणारे घर गावात नव्हते.

घरी वडील हसले. त्यांच्या पाण्यावर मर्यादा होती. चहा सकाळी अर्धा कप. "मला अर्धा कप, आन् ही गावभर पिऊन येती. माझ्या वाटणीचा बी हीच पिती."

"नाही म्हणत जा," मी आईला म्हटले.

"कसं म्हणू? रातच्याला तुझ्या बापाला दवाखान्यात न्यायचं झालं तर ह्येच लोक गाडी काढत्यात."

"मग खरे कारण सांग. किडनी द्यायची आहे, म्हणून वजन कमी करते आहे, म्हण."

तिने ते सांगितले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गिरणीवाली डिंकाचे लाडू घेऊन आमच्या दारात उभी होती. पाठोपाठ साजूक तूप आले, गावठी अंडी आली. किडनी देणारी बाई म्हणजे अंगातले काही काढून देणारी बाई. तिच्या अंगात ताकद भरायला हवी, असे गावाने परस्पर ठरवून टाकले. "तुझं डोहाळेजेवणच चाललंय," वडील आईला म्हणाले. ती लाजली आणि एक लाडू मोडून तिने तोंडात टाकला.

माझी शेवटची आशा भातलावणीवर होती. आमच्याकडे लावणी पडकईने होते: आज सगळे मिळून आमच्या खाचरात, उद्या आम्ही त्यांच्या खाचरात; मजुरी कुणी कुणाला देत नाही. त्या वर्षी आमचे भात गावाने लावून दिले होते आणि ते श्रम आईला फेडायचे होते. दिवसभर चिखलात वाकून काम म्हटल्यावर यापेक्षा चांगली योजना मलाही सुचली नसती. मी रजा घेऊन तिच्यासोबत गिरणीवालीच्या खाचरावर गेले.

आईने पदर खोचला आणि रोपांची जुडी उचलली. गिरणीवालीने ती तिच्या हातातून काढून घेतली. "तुमी बांधावर बसा मावशी. जुड्या तेवढ्या फेका आमच्याकडं."

"अगं, मला फेडायचं हाय."

"तुमी लय मोठं फेडायला निघालाय. हे ऱ्हाऊ द्या."

मी मध्ये पडले. चरबी जास्त असेल तर भूल देताना काय धोका असतो, जखम का चिघळते, हे मी शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगितले. बायका कमरेतून सरळ होऊन माझे ऐकत राहिल्या.

"खरं असंल बाई. तू शिकलेली," गिरणीवाली म्हणाली. "पर उद्या तुझ्या आईला काय झालं, तर मी तिला वाकवलं म्हणून झालं, असंच मला वाटत ऱ्हाईल. ते तुझं वजनाचं मशिन मोजंल का?"

दुपारी गिरणीवालीच्या घरून जेवण आले. आई बांधावर इरल्याखाली बसून जुड्या फेकत होती. तिला पहिले वाढले गेले, भातावर तूप दोनदा.

सप्टेंबर संपताना डॉक्टरांकडे जायचे होते. त्या पहाटे वडिलांच्या पावलांवर सूज होती. ते खुर्चीत बसून पाहत होते. आईने चपला काढल्या, हातातल्या बांगड्या एकेक करून उतरवून खिडकीत ठेवल्या, अंबाड्यातल्या पिनासुद्धा काढल्या. काट्यावर चढून तिने माझ्याकडे पाहिले.

"श्वास सोडू का धरू?"

"त्याने फरक पडत नाही, आई."

तरीही तिने तो धरून ठेवला. मी खाली वाकले आणि आकडा लिहिला: ८०.१ किलो.