लग्न लागेपर्यंत

दारव्ह्यात लग्नकार्याचा स्वयंपाक करणाऱ्या बाया पुष्कळ आहेत, पण कौसल्येचा हात धरणारी एक नाही. तिच्या हातची आलू-वांग्याची भाजी खाल्लेला माणूस नवरीचं नाव विसरेल, भाजी विसरायचा नाही. तिची दुसरी ख्याती म्हणजे तिचा राग. बाकीच्यांचा राग दुधासारखा उतू जातो आणि निवतो. हिचा लोणच्यासारखा मुरतो.

जावयावरचा राग तर चांगलाच मुरला होता. या राजदीपला तिनं आपली एकुलती एक पायल दिली होती. त्या गृहस्थानं काय करावं? एके सकाळी पायलची स्टॅम्पपेपरवर सही घेतली आणि तिला माहेराकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसवून दिलं. "सोडचिठ्ठी झाली. आता तू तुह्या रस्त्यानं," एवढंच बोलला. पोरगी घरी आली ती मुकी होऊनच. तिच्याकडे पाहून शेजारणी रडल्या. कौसल्या रडली नाही. याला कोर्टात उभा करीन तेव्हाच सुखाचा घास खाईन, असं तिनं मनाशी धरलं.

देवसिंग राठोड वकिलांनी तो कागद नुसता वरवर पाहिला.

"कौसल्याबाई, स्टॅम्पपेपरनं लग्न मोडत नसते. कोर्टानं मोडलं तरच मोडते. पायल आजही त्याचीच बायको आहे."

"अन् तो तं महागावकडची पोरगी करून राह्यला. प्रियंका नाव हाय म्हणते. पुढच्या आठवड्यात लग्न हाय."

"मंग आजच नोटीस देतो. लग्न थांबते."

"थांबलं तं त्याले काय होते?"

"काही नाही. लग्नच नाही झालं तं गुन्हा कायचा?"

"अन् झालं तं?"

"पहिली बायको असताना दुसरी केली, तं सात वर्षांपर्यंत सजा आहे. पण नुसतं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालेलं चालत नाही. लग्न विधीनं पुरं लागलं पाहिजे, अन् ते पाहणारा साक्षीदार पाहिजे."

वकिलांनी सांगितलं ते सावध करायला. कौसल्येनं उचललं ते भलतंच.

"नोटीस राहू द्या," ती म्हणाली.

राठोड वकिलांनी कागद मिटला. "त्या दुसऱ्या पोरीचा विचार केला का?"

"माह्या पोरीचा कोनं केला?"

स्वयंपाकाच्या बायांची एकमेकींत ओळख असतेच. महागावच्या त्या लग्नात जाणाऱ्या एकीच्या जागी कौसल्या गेली. वऱ्हाड येणार पुढून आणि चुली कनातीच्या मागे, त्यामुळे वरपक्षातलं कोणी तिचं तोंड पाहील ही भीती नव्हती. पायलला तिनं घरी काहीच सांगितलं नव्हतं.

सकाळी नवरीची आई बायांना चहा घेऊन आली, मागोमाग प्रियंकाला घेऊन आली. "कालपासून हिच्या पोटात काही नाही. एक पोळी खाऊ घाला बरं हिले."

पोरीचे दोन्ही हात मेंदीनं भरलेले. ती चुलीजवळ उकिडवी बसली आणि तिनं लहान लेकरासारखं तोंड उघडलं. कौसल्येनं पोळीचा तुकडा भाजीत बुडवून भरवला. दुसरा भरवला.

"भाजी लय मस्त झाली, मावशी," प्रियंका म्हणाली. "पण तिखट हाय. त्याईले चालते का नाई, मले मालूम नाई."

चालतं. राजदीपला झणझणीत लागतं, कमी तिखटाचं ताट तो सरकवून देतो, हे कौसल्येला पक्कं ठाऊक होतं. 'हा माह्या पोरीचा नवरा हाय,' एवढ्या एका वाक्याचं काम होतं. ओठापर्यंत आलंही ते वाक्य. मग त्या दिवशी जीपमधून उतरलेली पायल तिच्या डोळ्यांपुढे आली आणि तिनं ते गिळलं.

"खाय बाई," ती म्हणाली, आणि तिसरा घास भरवला.

त्रिशरण झालं, पंचशील झालं. कनातीच्या फटीतून कौसल्येनं मोबाइल धरला होता. माइकवर राजदीपचा आवाज आला, "मी माझ्या पत्नीचा सन्मान करीन, अपमान करणार नाही." हेच शब्द, हाच आवाज, असेच जोडलेले हात, पायलच्या लग्नात तिनं हे ऐकून डोळे पुसले होते. आज तिनं मोबाइल तसाच धरून ठेवला. हार पडले, अष्टगाथा झाली, फुलं उडाली. पंगत बसायच्या आत ती बसथांब्यावर होती.

दारव्ह्याच्या कोर्टात पायलच्या नावानं फिर्याद दाखल झाली. राजदीपच्या वकिलानं बचाव असा काढला, की ते लग्न नव्हतंच, साक्षगंध होतं. प्रियंकाची साक्ष आधीच्या तारखेला झाली होती. लग्नच लागलं, असं तिनं खाली मान घालून सांगितलं होतं. आज ती मागच्या बाकावर आईजवळ बसली होती. साक्षीच्या पिंजऱ्यात कौसल्या होती.

"तुम्ही तिथं हजर होता," राजदीपच्या वकिलानं विचारलं. "मुलगा विवाहित आहे हे तुम्हाला माहीत होतं. खरंच लग्न लागत असतं तर तुम्ही गप्प बसला असता का?"

घाबरली होती, असं सांगता आलं असतं. पण हा क्षण तिनं आजवर जपून ठेवला होता, तो भित्रेपणाच्या नावावर घालवायला ती तयार नव्हती. तिनं सरळ राजदीपकडे पाहिलं.

"बोल्ली असती तं हा सुटला असता. मले लग्न लागाले पायजे होतं. लागेपरेंत मी थांबली. लागलं. म्यां पाह्यलं."

राजदीपचा चेहरा उतरला. त्याचा वकील खाली बसला. कौसल्येला इतकं बरं वाटलं, की उतरताना तिला गुडघ्यांचं दुखणंही जाणवलं नाही. त्याला पाणी पाजलं होतं तिनं, भर कोर्टात.

बाहेर लिंबाखाली पायल राठोड वकिलांजवळ उभी होती. तिथं प्रियंका आली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं.

"मावशी, ताईनं त्याच्यावर केस लावली, बरं केलं. मले फसवलं त्यानं, मी बी लावतो त्याच्यावर. पण तुमी मले आपल्या हातानं घास भरवले. तुमच्यावर कोनती केस लावाची?"

कौसल्येनं वकिलांकडे पाहिलं. ते कागद आवरत होते. तिनं पायलकडे पाहिलं. घास भरवल्याचं पायलला आत्ताच कळत होतं.

 पायलनं पिशवीतली पाण्याची बाटली काढली, आईच्या पुढून गेली आणि प्रियंकाला दिली.