होग्लामावशी आणि घराण्यांची यादी

होग्लामावशी आमच्या कुंभारआळीतली सुईण. बाबेलच्या राजाने आमच्या यहूदा देशातली बडी बडी घराणी पकडून नेली, तेव्हा तिच्या आजोबांना कोणी विचारलंसुद्धा नाही. चार मडकीवाले नेऊन राजा काय करणार? आमची आळी इथेच राहिली.

पुढे नेलेल्यांची नातवंडं परतली, ती घराण्यांची यादी घेऊनच. यादीत नाव असेल तोच खरा इस्राएली, त्यालाच वेशीतल्या बैठकीत जागा. आमच्या आळीचं एकही नाव तीत नव्हतं. यादी सांभाळायचा हशूब. माणूस वाईट नव्हता, पण ताठा भारी.

वल्हांडणाच्या सणाला कुंभारांना पंगतीत घ्यायचं का, असं कोणी विचारलं, तर म्हणाला, "आधी यादी बघू." मावशीच्या कानावर गेलं. तशीच पिठाच्या हातांनी वेशीत हजर.

"हशूबा, मी कोण रे?"

"मावशी, तू चांगलीच आहेस. पण यादीत..."

"तुझ्या बायकोला, अटाराला, कितवा महिना?"

"नववा," तो ओशाळून म्हणाला.

"मग कळा आल्या की यादीलाच बोलाव हो!"

अख्खी बैठक खो खो हसली. हशूबचे कान लाल.

आठवड्याभरात, जवाच्या कापणीत, भर दुपारी अटाराला शेतातच कळा सुरू झाल्या. हशूब एका पायात वहाण घालून आळीत धावत आला. मावशी मिठाची पुरचुंडी उचलून निघाली. मूल पायाळू होतं. तिने हशूबला पाण्यासाठी तीनदा विहिरीवर पिटाळलं. अखेर पोरगा रडला. मावशीने त्याला रिवाजाप्रमाणे मीठ चोळून गुंडाळलं आणि बापाच्या हातात दिलं. बाप पोरापेक्षा जास्त रडला.

आठव्या दिवशी सुंतेच्या जेवणाला सगळी आळी बोलावली होती. हशूबने यादी उलगडली. "मावशी, बापाचं नाव सांग."

"माझं एकटीचं नको. आळीच्या टोकापासून लिही."

"यांच्या पिढ्या कोणाला ठाऊक?"

"मला. निम्मे माझ्या हातावर जन्मले, उरलेले माझ्या आईच्या."

एक म्हातारा कुरकुरला, "अशी वाढवतात का यादी?"

"आपले पूर्वज मिसरच्या गुलामीतून निघाले, तेव्हा कुठे होती यादी?" हशूबच म्हणाला. "चालू लागला तो आपला."

शाई दोनदा कालवावी लागली. आता मावशीचे भाऊ बैठकीत बसतात. बायकांना तिथे जागा नाही, आणि मावशीला फुरसतही नाही. त्या वर्षी गावात एकवीस बाळंतपणं झाली.