एक परदेशी पाहिजे

नाव रतन बाजीराव ओव्हाळ. राहणार वडगाव मावळ, स्टेशनापलीकडे. वय चोवीस. अंगकाठी बेताची, वर्ण सावळा, ओळखीची खूण डाव्या कोपरावर जुना व्रण. शिक्षण मॅट्रिक, दुसऱ्या खेपेस. नोकरी देहूरोडच्या एका लष्करी डेपोत, हंगामी मजूर, वर्ग अकुशल. क्रीडाक्षेत्रातील स्थान : आखूड पल्ल्याचे जलद स्केटिंग, आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा, लोणावळे, सन १९६१, द्वितीय क्रमांक. सदर इसमाची वर्तणूक समाधानकारक असून त्याच्याविरुद्ध कोणतीही तक्रार नाही.

सदर इसम म्हणजे मी. वरचा मजकूर आमच्या हेडक्लार्कच्या हातचा आहे आणि त्यात एक अक्षर खोटं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून कुणाला तसं वाटणार नाही.

ही शर्यत मुळात बर्फावरची. थंड मुलखात चार-पाच जण पायांना पाती बांधून लहानशा गोल रिंगणात एकदम सुटतात आणि एकमेकांच्या कोपरांतून वाट काढत फेऱ्या मारतात. रिंगण लहान, वळणं फार, त्यामुळे सगळ्यांत वेगवान असेल तोच जिंकतो असं नाही. शेवटपर्यंत जो उभा राहील त्यालाही बरीच आशा असते. हे मी लोणावळ्याच्या वाचनालयात एका इंग्रजी मासिकात वाचलं आणि हा खेळ आपल्यासाठीच काढलाय अशी माझी खात्री झाली. लोणावळ्यात बर्फ यायचा तो भुशाच्या पोत्यातून, आणि जायचा सरबतात. म्हणून आमच्याकडे हा खेळ चाकांवर होता आणि तोही एकाच ठिकाणी : जरबाईंच्या हॉटेलातल्या नाचाच्या हॉलमध्ये.

जरबाई पारशी. डेपोत लागण्याआधी मी त्यांच्याकडे कामाला होतो. काम म्हणजे पाहुण्यांच्या बुटांना स्केट बांधणं, किल्लीनं आवळणं आणि पाहुणे पडले की उचलणं. पहिल्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं, आडनाव विचारलं नाही. आम्ही नुकतेच बौद्ध झालो होतो आणि आडनाव सांगून झाल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते बघायची मला सवय होती. जरबाईंच्या चेहऱ्यावर काही झालं नाही, कारण त्यांचं लक्ष फरशी पुसली आहे की नाही याकडे होतं. सीझन संपला की चाकांना तेल घालायचं, आणि तेल आत पोचलं की नाही हे बघायला ती चाकं फिरवावी लागत. ती मी पायांत घालून फिरवत असे. माझं सगळं प्रशिक्षण ते एवढंच. कोपरावरचा व्रण त्यातलाच.

आता हंगामी मजूर ही काय चीज असते ते सांगायला हवं. हंगामी माणूस काम तेच करतो, पण काही महिन्यांनी त्याला ब्रेक मिळतो. म्हणजे तो घरी बसतो आणि मग पुन्हा गेटावर उभा राहून, आपण कोण हे पहिल्यापासून सांगतो. मी ते इतक्यांदा सांगितलं होतं की मलाच कंटाळा आला होता. मुलीकडची माणसं घरी यायची, चहा घ्यायची, आणि पोरगा परमनंट झाला की कळवा म्हणून उठायची. आई, म्हणजे चिमाबाई, त्यांना कोपऱ्यापर्यंत पोचवून यायची आणि त्या दिवशी भांडी जरा जोरात घासायची.

अशात डेपोच्या फळ्यावर एक परिपत्रक लागलं. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या तिघांत येणाऱ्या हंगामी कामगाराचा कायम करताना प्रथम विचार होईल. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा एखादा हॉकीवाला असावा. मी ते तीनदा वाचलं आणि सुटी होताच लोणावळ्याची गाडी पकडली.

जरबाई नाताळात दरवर्षी स्केटिंगची शर्यत ठेवत. मी म्हटलं, बाई, यंदा ती आंतरराष्ट्रीय करता येईल का? त्यांच्या हॉटेलच्या बँडमध्ये कायतान नावाचा गोव्याचा माणूस ट्रंपेट वाजवायचा आणि फावल्या वेळात बरं स्केटिंगही करायचा. गोवा तेव्हा पोर्तुगिजांकडे होता. "आपला कायतान तर फॉरेनर छे," जरबाई म्हणाल्या, "झाली इंटरनॅशनल. तू चिंता नको करू, डीकरा." दुसऱ्या आठवड्यात बाजारपेठेत पत्रकं लागली. त्यांच्यावर पृथ्वीचा गोल होता, आणि त्याच्या वर जरबाईंच्या हॉटेलचं चित्र होतं, पृथ्वीपेक्षा थोडं मोठं.

घरी सांगितलं तेव्हा आई चूल फुंकत होती. तिनं फुंकणी खाली ठेवली.

"पायाला चाकं लावली की परमनंट करत्यात व्हय रं?"

"क्रमांक आला तर."

"आन् ज्यांना चाकं न्हाईत ते?"

पूर्वीचे दिवस असते तर आईनं खंडोबाला काहीतरी बोललं असतं, पण छप्पन साली आमच्या घरातून देव गेले आणि त्यांच्याबरोबर नवसाची सोयही गेली. तिनं पंचशील म्हटलं. मी लक्ष देऊन ऐकलं. त्यात स्केटिंगच्या विरोधात काही नव्हतं.

डिसेंबर उजाडला आणि डेपोत एकाएकी कामाचा पूर आला. ओव्हरटाइम सुरू झाला. खोकी उचला, वॅगनीत रचा, पुढची खोकी उचला. ती कुठं चाललीत हे विचारायचं नसतं, आणि विचारलं नाही तरी वॅगनींची तोंडं कुठल्या दिशेला आहेत ते दिसतंच. आम्ही सगळे मोठ्या हौसेनं राबत होतो. मी तर जास्तच, कारण शर्यतीसाठी पाठ आणि मांड्या मजबूत व्हायला हव्या होत्या. एका सोमवारी रेडिओवर कळलं की आपलं सैन्य गोव्यात शिरलं. मंगळवारी संध्याकाळपर्यंत गोवा मोकळा झाला. आमच्या शेडमध्ये पेढे वाटले. मी दोन खाल्ले. दुसरा अर्धा तोंडात असताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला की गेले दोन आठवडे आपण खांद्यावरून जे वाहिलं, त्यानं आपलाच परदेशी बुडवला.

हेडक्लार्क पुण्याचे. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना तर्क करायला आवडायचं. मी म्हटलं, साहेब, या स्पर्धेत उतरतोय असा अर्ज मी तुमच्याकडे दिला त्या दिवशी तरी कायतान परदेशी होता, तेवढं धरा. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"असं कसं म्हणता ओव्हाळ? गोवा हा पहिल्यापासून भारताचाच भाग आहे, ही सरकारची भूमिका आहे. म्हणजे तुमचा कायतान परवा भारतीय झाला नाही. तो जन्मापासूनच भारतीय होता. फक्त त्याला कुणी कळवलं नव्हतं."

मला यावर वाद घालता येईना, कारण पंचावन्न साली गोव्याच्या सत्याग्रहींना मीच वडगाव स्टेशनवर हार घातले होते आणि हेच वाक्य घोषणा म्हणून दिलं होतं.

लोणावळ्याला गेलो तर कायतान हॉटेलच्या पायरीवर एकटाच बसला होता. जरबाई आत कुणाशी धड बोलत नव्हत्या. तो मला म्हणाला की इतकी वर्षं तो परका होता तेव्हा इथं सगळे त्याच्याशी हसून बोलायचे. आता तो घरचा झाला तर सगळ्यांची तोंडं उतरली. मी त्याचं अभिनंदन केलं. ते मला नीट जमलं नाही.

मग आम्ही तिघं परदेशी शोधू लागलो. दोन दिवसांत परदेशी कुठून आणायचा? पत्रकं तर लागली होती. जरबाईंनी मिशनमधल्या एका म्हाताऱ्या फादरचं नाव काढलं, पण ते काठी टेकून चालायचे. एवढ्यात पावाची टोपली घेऊन खोदादादशेठ आले.

खोदादादशेठ म्हणजे स्टेशनाबाहेरच्या इराणी हॉटेलाचे मालक. वय पन्नाशीच्या पुढे, पोट त्यांच्या चार बोटं पुढे. लोणावळ्यात येऊन तीस वर्षं झालेली. मावळातली माणसं त्यांना आपलंच समजत, शिव्यासुद्धा ते मावळातल्याच देत. पण कागदोपत्री ते इराणचे होते, आणि परदेशी नागरिक म्हणून दरवर्षी त्यांना पोलिसात हजेरी लावावी लागत असे. जरबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग मी पाहिलं. शेठनी टोपली खाली ठेवली आणि एक पाऊल मागं सरकले.

त्यांना पटवायला तास गेला. उभ्या जन्मात त्यांनी पायाला चाक लावलं नव्हतं. शेवटी मी माझ्या ब्रेकचं सांगितलं, गेटावर उभं राहून दर वेळी आपण कोण ते सांगावं लागतं हे सांगितलं.

"मला पण सांगाया लागतंय," ते म्हणाले. "दरसाल. फौजदार बदलला की पयल्यापासून." मग त्यांनी सुस्कारा सोडला. "तीस वरसं फॉरेनर हाय, कुणाला काय उपेग झाला न्हाई. बांध चाकं."

रविवारी, नाताळच्या आदल्या दिवशी, शर्यत झाली. जरबाईंच्या निमंत्रणावरून हेडक्लार्क सपत्नीक आले होते. त्यांनी शेठचे कागद पाहिले, समाधान व्यक्त केलं आणि एक अट घातली : परदेशी स्पर्धकानं शर्यत पूर्ण केली पाहिजे. नुसता चाकांवर उभा राहिलेला परदेशी हा प्रेक्षकच धरावा लागेल.

रिंगण म्हणजे हॉलच्या चार खांबांभोवतीची वाट. खांबांना गाद्या बांधल्या होत्या. फेऱ्या वीस ठरल्या होत्या, शेठना उभं राहताना बघून जरबाईंनी दहा केल्या. आम्ही चौघं : कायतान, मुंबईचा एक कॉलेजकुमार, ज्याचे स्वतःचे बूट होते, शेठ आणि मी. माझी योजना सरळ होती. शेठ सावकाश दहा फेऱ्या मारतील आणि मी आरामात तिघांत येईन.

सुटायची खूण म्हणून हॉटेलची जेवणाची घंटा वाजली. कायतान आणि कॉलेजकुमार सुटले. मीही सुटलो. पहिल्या खांबाशी मागं वळून पाहिलं तर शेठ होते तिथंच होते. त्यांचे पाय जोरात हलत होते, पण शेठ कुठंच जात नव्हते, आणि हळूहळू खाली बसत होते.

शेठ बसले की स्पर्धा देशी झाली. आणि मी शेठपाशी गेलो की चौथा, म्हणजे तिघांबाहेर. यावर विचार करायला मला साधारण अर्धी फेरी मिळाली. पण देशी स्पर्धेतला पहिलासुद्धा माझ्या कामाचा नव्हता. मी त्यांना काखेत हात घालून उठवलं, दोन्ही हात पाठीला लावले आणि ढकलायला लागलो. दोन आठवडे खोकी उचललेली कामाला आली. हॉलमध्ये लोक हसत होते. हेडक्लार्क हसत नव्हते, ते फेऱ्या मोजत होते.

बाकीचे दोघं वाऱ्यासारखे आमच्या बाजूनं जात होते. कॉलेजकुमार दर वेळी जाताना इंग्रजीत काहीतरी म्हणायचा. ते मला कळत होतं आणि मी कळत नसल्यासारखं करत होतो. त्यांची शेवटची फेरी लागली तेव्हा आमच्या अजून तीन होत्या.

पण रात्रीच्या नाचासाठी जरबाईंनी सकाळीच हॉलच्या लाकडी जमिनीला मेण लावून घेतलं होतं. शेवटच्या वळणावर कॉलेजकुमार आतल्या बाजूनं घुसला, कायताननं कोपर काढलं, आणि दोघं मिळून खांबाला भेटले. गादी सुटून त्यांच्या अंगावर आली. ते उठायला बघत होते. एक उठला की दुसरा त्याला धरून उठायचा, आणि मग दोघं पुन्हा खाली. त्यांच्यापासून शेवटची रेघ चार पावलांवर होती, पण मेण त्यांना तिथवर जाऊ देईना.

आम्ही त्यांच्या बाजूनं गेलो. पुढच्या फेरीला पुन्हा गेलो.

"आरं, पडलं की बिचारं," शेठ म्हणाले. "हात देऊ का?"

"शेठ, थांबू नका."

"मला थांबाया कुटं येतंय, तू मागनं ढकलतुयास."

शेवटच्या फेरीत तिसऱ्यांदा गेलो तेव्हा कॉलेजकुमार स्केट तुटून बाजूला बसला होता आणि कायतान गुडघ्यांवर रांगत निघाला होता. रेघ आली. मी मागं होतो, शेठ पुढं, आणि शेठच्या पुढं त्यांचं पोट. फीत त्या पोटानं तोडली. मग शेठ, मी आणि फीत, असे आम्ही ताटांच्या टेबलाखाली गेलो.

निकाल जरबाईंनी खुर्चीवर चढून वाचला. पहिला, इराण. दुसरा, भारत. तिसरा, भारत. कायतान गुडघे चोळत होता. आपल्या नावापुढं पहिल्यांदाच भारत ऐकून तो जरासा गोंधळला आणि मग त्यानं टोपी काढली. ढकलणं नियमात बसतं का, असं कॉलेजकुमारानं विचारलं. जरबाईंनी त्याला चहा पाठवला.

मी हेडक्लार्ककडे पाहिलं. परदेशी स्पर्धकानं शर्यत नुसती पूर्ण केली नाही तर जिंकली, तेव्हा स्पर्धा आंतरराष्ट्रीय नाही असं म्हणणं इराणचा अपमान ठरेल, असं त्यांचं मत पडलं. सोमवारी नाताळची सुटी. मंगळवारी त्यांनी सुवाच्य अक्षरात माझं वर्णन लिहून, खाली सही करून, कागद वर पाठवला. मी गावात पेढे वाटले. आईनं विचारलं, झालास का? मी म्हटलं, कागद वर गेलाय.

कागद वर राहिला. मला नेहमीप्रमाणे ब्रेक मिळाला, मी नेहमीप्रमाणे गेटावर उभा राहिलो आणि आपण कोण ते सांगितलं, फक्त आता त्यात एक ओळ वाढली होती. गेटावरचा हवालदार ती ओळ ऐकून घ्यायचा आणि बाजूला उभं राहायला सांगायचा.

पुढच्या वर्षी चीनशी लढाई लागली. डेपोला माणसं कमी पडायला लागली, आणि आमच्या शेडमधले सगळे हंगामी मजूर एकाच दिवशी परमनंट झाले. अट एवढीच होती की खोकं उचलून शेडच्या या दारापासून त्या दारापर्यंत चालता आलं पाहिजे.